तऱ्हेवाईक शाळकरी पोरीची चित्रपट्टी: पुरवणीत टिकायची तर तयारी काय लागते?

तापीकाठ:

जिल्ह्याच्या एका दैनिकाच्या रविवारच्या मुलांच्या पुरवणीत आठवड्याला एक चित्रपट्टी द्यायची आहे. चार चौकटी. नायिका सहावीतली सुमी, गाव रावेरकडचं, घरी केळीचा व्यापार. पोरगी तऱ्हेवाईक आहे: कावळ्यांशी बोलते, प्रत्येक गोष्टीची पावती फाडते, उलट्या क्रमाने पाढे म्हणते, दप्तरात दगड बाळगते, मास्तरांना टोपणनावं देते. संपादक म्हणतात, चार आठवडे चालवून बघू.

विचारायचं ते असं. चित्र कोणत्या मापात काढावं? पेन, कागद कोणता? संवाद अहिराणीत ठेवले तर चालतील का? आणि स्थानिक पेपरांतल्या अशा पट्ट्या आठ-दहा आठवड्यांत गुपचूप बंद पडतात, त्या नेमक्या कशामुळे? सुरू करण्याआधी किती भाग तयार हवेत?

पानलावू:

मापापासून सुरू करतो, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. बहुतेक मराठी दैनिकांचं मोठं पान आठ कॉलमांचं असतं आणि छापील रुंदी ३२-३३ सेंटीमीटर. म्हणजे चार कॉलम साधारण १६ सेंमी, दोन कॉलम ८. पुरवणी अर्ध्या आकाराची असेल तर कॉलम बदलतात, म्हणून पान लावणाऱ्याकडून नेमका मिलिमीटरचा आकडा घ्या. संपादकांना विचारू नका, ते 'चार कॉलम' म्हणतील आणि तिथेच थांबतील.

१६ सेंमी रुंद, ५ सेंमी उंच असं छापील माप धरलं तर मूळ चित्र दीडपट काढा: २४ × ७.५ सेंमी. दुप्पट काढा असं बरेच जण सांगतात, पण ३२ सेंमीचं चित्र घरच्या किंवा दुकानातल्या ए-फोर स्कॅनरवर मावत नाही. दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडायचं म्हटलं की दर आठवड्याला चौकटीची एक रेघ वाकडी होते. २४ सेंमी लांबीच्या बाजूने आरामात बसतं.

चारही चौकटी सारख्याच ठेवा: मुळात प्रत्येकी ५.६ सेंमी रुंद, मधली फट ५ मिमी. यात मतलब आहे. रविवारी ऐन वेळी जाहिरात आली की पहिली कात्री चित्रपट्टीवर चालते. चौकटी सारख्या असतील तर तीच पट्टी दोनावर दोन रचून दोन कॉलमांत, साधारण ८ × १०.५ सेंमीत बसवता येते. उभीही लावता येते, एका कॉलमात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी सोन्याच्या जाहिराती येतात, दिवाळीत तर विचारूच नका. अशा आठवड्यांत आडवी पट्टी पानाबाहेर पडते आणि जिची रचना बदलता येते ती पानात राहते. मात्र त्यासाठी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत गेलेला फुगा, हात किंवा शेपटी नको. तिसरी चौकट रुंद आणि चौथी अरुंद असले प्रयोग पुस्तकात करा.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. चित्र बारीक होतं आणि दाबून जेपीईजी होतं, मग काळ्या रेघेभोवती करडी धूळ छापली जाते. ईमेलने टिफ फाइल पाठवा. व्हॉट्सॲपच हवं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून. फाइलच्या नावात भागाचा क्रमांक आणि तो कोणत्या रविवारचा आहे ते असू द्या. 'सुमी फायनल नवीन २' अशा नावाच्या फाइलमुळे जुनाच भाग दुसऱ्यांदा छापला जातो. वाचकाला ते लगेच कळतं, पानावर कुणालाच कळत नाही.

काळी_शाई:

मापाबद्दल पटलं. आता रेघ.

वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. त्यावरची शाई मुख्यतः कागदात जिरूनच वाळते, त्यामुळे प्रत्येक रेघ आणि ठिपका थोडा फुगतो. एकाच चित्रात दोन उलटी संकटं: फार बारीक रेघ छपाईच्या प्लेटवरच तुटते, आणि जवळजवळच्या रेघा फुगून एकमेकींत मिसळतात. छापील रेघ पाव मिलिमीटरपेक्षा बारीक नको, म्हणजे दीडपट चित्रात ०.४ चं पेन. ०.१ चं पेन पेटीत आलं असेल तर पेटीतच राहू द्या. माणसांच्या बाह्यरेषेला ०.६ ते ०.८ किंवा ब्रश. केसांना, सावलीला रेघा मारायच्या तर दोन रेघांत मुळात किमान पाऊण मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. सुमीच्या वेण्या बारीक रेघांनी भरण्यापेक्षा सरळ काळ्या करा आणि एक पांढरी झाक सोडा.

कागद २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा गुळगुळीत कार्ट्रिज किंवा ब्रिस्टल. खरखरीत ड्रॉइंग पेपरवर शाईला केस फुटतात. शाई वॉटरप्रूफ काळी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये निबच्या टोकाला शाई बघता बघता घट्ट होते. टाक वापरत असाल तर दर चार-पाच रेघांनी ओल्या फडक्याला निब पुसा आणि दौतीतून थोडीच शाई झाकणात ओतून घ्या, सगळी दौत उघडी ठेवू नका. पंखा थेट कागदावर नको. पेन्सिल फिकट निळी घ्या. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केल्यावर ती निघून जाते, खोडायचे श्रम वाचतात आणि खोडरबराने शाई फिकी पडत नाही.

स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. दीडपट चित्र लहान झालं की ते ९०० होतं, या कागदाला पुरून उरतं. रेखाचित्र निव्वळ काळ्या-पांढऱ्यात द्या, करड्या छटांत नको. करड्या चित्रातली रेघसुद्धा छापताना जाळीच्या ठिपक्यांत फुटते आणि कडा दातेरी दिसतात.

आता अक्षरं, कारण नवी पट्टी सगळ्यात जास्त इथे मार खाते. क्रम असा ठेवा: आधी चौकट, मग अक्षरं, मग फुगा, शेवटी माणसं. उलट केलं की सुमीच्या डोक्याच्या वर उरलेल्या बोटभर जागेत वाक्य कोंबावं लागतं. इंग्रजी पट्ट्या पाहून फुग्याची जागा ठरवू नका. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतो, ओळीला उंची जास्त लागते. मुळात अक्षराचं अंग ३.३ मिमी आणि शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत ७ मिमी धरा. तीन ओळींना २१ मिमी गेले, चौकट आहे ७५ ची. ५.६ सेंमी रुंदीत एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावतात. म्हणजे एका चौकटीत आठ-नऊ शब्द. चार चौकटींत मिळून पंचविसाच्या आत राहिलात तर उत्तम, कारण एक चौकट बिनबोलाची हवीच.

अनुस्वार मुळातच ठसठशीत द्या, नाहीतर गळतो. घ-ध आणि भ-म यांतली शिरोरेषेची फट नेहमीपेक्षा मोठी ठेवा, फुगलेली शाई ती बुजवते. पहिला बोलणारा डावीकडे आणि त्याचा फुगा वर. हे विसरलात तर उत्तर आधी वाचलं जातं आणि विनोद मेला.

तापीकाठ:

टॅबवर काढून संवाद टाइप करून दिले तर? अक्षर माझं फारसं चांगलं नाही. शिवाय पुरवणीचं पहिलं पान रंगीत आहे, तिथे जागा मिळाली तर?

पानलावू:

टॅबवर काढा, पण कॅनव्हास उघडतानाच माप टाका: १६ सेंमीला १२०० डीपीआय म्हणजे साधारण ७५६० पिक्सेल रुंद, २३६० उंच. टॅब दमत असेल तर निम्मं, ३७८० चालेल. इन्स्टाग्रामसाठीचं १०८० पिक्सेलचं चित्र १६ सेंमीवर ताणलं की जेमतेम १७० डीपीआय उरतात, रेघेला पायऱ्या पडतात. ते नंतर मोठं करून सुधारत नाही.

टाइप केलेला मजकूर वेगळा पाठवू नका. अनेक ठिकाणी पानं अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लागतात. युनिकोडमधून तिकडे नेताना रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं तुटतात. अहिराणीत तर हमखास, कारण 'ऱ्हायना', 'ऱ्हायनी' यातला अर्धा र बरेच कन्व्हर्टर ओळखत नाहीत आणि तिथे चौकोन किंवा भलतंच अक्षर येतं. अक्षरं तुमच्याकडेच चित्रात विरघळवून, म्हणजे वक्ररेषा करून द्या. शिवाय हाताची अक्षरं सुबकच हवीत असं नाही, सारखी हवीत. सुमीच्या रेघेला छापील फाँट परका दिसतो, यावर माझं मत पक्कं आहे.

रंगाचं थोडक्यात. काळी रेघ फक्त काळ्या शाईची, शंभर टक्के, आणि ती रंगांवर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापलेली. आरजीबी (पडद्याच्या रंगांतली) फाइल नुसती छपाईच्या रंगांत बदलून दिली तर काळी रेघ चार शाया मिळून बनते आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक अक्षराला निळी-लाल सावली येते. कुठेही चारही शायांची बेरीज २४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर शाई पलीकडच्या पानावर उतरते. गडद रंगावर पांढरी अक्षरं करू नका, मात्रा बुजतात. छटा कमी, सपाट रंग जास्त. आणि जागा मिळेल तेव्हा मिळेल, सुरुवात काळ्या-पांढऱ्यावर जमेल असं चित्र काढूनच करा. रंगीत पान जाहिरातीसाठी कधीही काढून घेतलं जातं.

खापरावरचे_मांडे:

मापं आणि शाई ठीक, पण पट्टी बंद पडते ती यामुळे नाही. तुमच्या प्रश्नातच कारण आहे. सुमीच्या पाच तऱ्हा लिहिल्यात. पाच तऱ्हा म्हणजे पाच आठवड्यांचा माल. सहाव्या आठवड्यात सहावी तऱ्हा शोधावी लागते, दहाव्या आठवड्यात पोरगी तऱ्हेवाईक उरत नाही, नुसती गोंधळी होते.

एकच ठेवा आणि तिचा नियम करा. या पाचांत पावती सोनं आहे. व्यापाऱ्याच्या घरातली पोर, तिने वजनकाटा, अडत, तोलाई, वळतं करणं हे सगळं ऐकलेलं. तिचा नियम असा: जगातला कुठलाही व्यवहार पावतीशिवाय पुरा होत नाही. ती खोडकर नाही, ती अगदी प्रामाणिक आहे, हे पक्कं धरा. हसू येतं ते तिच्या प्रामाणिकपणामुळे इतरांची जी पंचाईत होते तिचं. कावळे, दगड, उलटे पाढे काढून टाका. टोपणनावं तर आधी काढा, त्याचं कारण पुढे कुणीतरी सांगेलच.

एक भाग कसा उतरेल बघा.

पहिली चौकट: शाळेचं दार, परिपाठ संपलेला. गुरुजी: 'सुमन, आज पुन्हा उशीर?'
दुसरी: सुमी खाली बसून मांडीवर पावतीपुस्तक ठेवून लिहितेय. संवाद नाही. गुरुजी नुसते बघताहेत.
तिसरी: पावती गुरुजींच्या हातात, मोठी दिसते. 'उशीर: मिनिटे १०. जमा.'
चौथी: सुमी वर्गाकडे निघालेली, मागे न बघता: 'मधल्या सुटीतून वळते करून घ्या.'

शब्द मोजा, तेरा भरतात. दुसरी बिनबोलाची चौकट काढून टाकली तर शेवट पडतो, कारण गुरुजींना आणि वाचकाला थांबायला जागाच राहत नाही. नवे लोक हीच चौकट संवादाने भरतात. आणि शेवटच्या चौकटीत गुरुजी डोक्याला हात लावून, घामाचे थेंब उडवत उभे करू नका. वाचकाने हसायचं ते तुम्ही चित्रात आधीच हसून टाकता.

नियम टिकाऊ आहे का, याची चाचणी कागदावर होते. पंधरा जागा लिहा आणि प्रत्येक जागी तोच नियम लावून बघा: खिचडीची रांग, सहामाहीचा पेपर, एसटीचा पास, आठवडे बाजार, केळीचा घड मोजणं, वार्षिक तपासणी, वनभोजन, भुलाबाईच्या खाऊचा डबा हलवून ओळखणं, कानबाईचे रोट, पोळ्याला बैलाला पावती, दवाखान्यातलं इंजेक्शन, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे जे आई नंतर काढून घेते. पंधरांपैकी दहा जागी लगेच काही सुचलं तर नियम चालेल. पाचावर अडलात तर पात्र बदला, चित्र काढायला बसू नका.

एकच नियम म्हणजे एकच शेवट नव्हे, हेही सांभाळायला हवं. न्यूयॉर्क हेरल्डमध्ये १९०४ ते १९०६ या काळात विन्सर मॅके यांची 'लिटल सॅमी स्नीझ' ही पट्टी चालली. पोराला शिंक येते, समोरचं सगळं कोसळतं, शेवटच्या चौकटीत त्याला शिक्षा होते किंवा हाकललं जातं. दर आठवड्याला हेच. चित्रकार थोर होता म्हणून ती बघवत राहते: जागा बदलते, गर्दी बदलते, शिंक चढत जातानाचं तोंड बघण्यासारखं असतं. आपल्याकडे तेवढं चित्र नाही हे धरून चाला आणि शेवट बदलता ठेवा: कधी पावती सुमीवरच उलटते, कधी समोरचा पक्की पावती मागतो, कधी पुस्तक संपलेलं असतं.

दुसरा धोका क्रमशःचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येकाला वाटतं, आता मोठी गोष्ट सुरू करू. लायोनेल फायनिंगर यांची 'किन-डर-किड्स' शिकागो ट्रिब्यूनमध्ये १९०६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. पोरं घरातल्या न्हाणीच्या टबात बसून जगप्रवासाला निघाली आणि नोव्हेंबरात पट्टी थांबली तेव्हा प्रवास अर्धवटच होता. पट्टी कधी थांबणार हे तुमच्या हातात नसतं, आठवड्याच्या पुरवणीत तर एक भाग जाहिरातीने खाल्ला की धागाच तुटतो. प्रत्येक भाग एकटा उभा राहील असाच लिहा.

गिरणा:

अहिराणीबद्दल. सगळे संवाद अहिराणीत नकोत, आणि कारण भाषेच्या मानापमानाचं नाही. पुरवणी जिल्हाभर आणि आसपासही जाते. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, तिकडे धुळं, शिरपूर, साक्री इथे अहिराणी घरची. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. नंदुरबारकडे भिली आणि गुजरीही. सुमी रावेरची म्हणता आणि तिच्या तोंडी 'काय करी ऱ्हायनी वं' घालता, तर रावेरचाच वाचक म्हणेल ही आमची पोरगी नव्हे. आधी गाव नक्की करा, मग बोली. अहिराणीच हवी असेल तर सुमीला अमळनेर-पारोळ्याकडे हलवा. केळीऐवजी कापूस येईल, पावतीला काही फरक पडत नाही.

विभागणी सोपी: शाळेत गुरुजी प्रमाण मराठीत, घरात आजी बोलीत, सुमी दोन्हींत. बोलीचं वाक्य चार-पाच शब्दांचं आणि चित्रावरून अर्थ कळेल असं. त्या भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून ते मोठ्याने वाचून घ्या. आणि एकदा ठरवलेलं लेखन बदलू नका, या आठवड्यात 'ऱ्हायनी' आणि पुढच्यात 'राहिनी' असं नको.

आजीला मात्र कमी वापरा. बोलीतली आजी आली की सगळे तिच्यावरच हसतात आणि सुमी मागे पडते.

पानलावू:

किती भाग तयार हवेत याचं उत्तर राहिलं. चार आठवड्यांच्या चाचणीला बारा. यापैकी तीन बिनमोसमी: पाऊस नाही, सण नाही, परीक्षा नाही, केव्हाही लागतील असे. ते पान लावणाऱ्याकडे आधीच देऊन ठेवा. तुम्ही आजारी पडलात किंवा फाइल उघडली नाही तर तो जागा रिकामी ठेवणार नाही, शब्दकोडं टाकेल. सलग दोन रविवार शब्दकोडं लागलं की ती जागा शब्दकोड्याची झाली.

पुरवणी मुख्य अंकाच्या आधी छापून ठेवतात, म्हणून बुधवारच्या बातमीवरचा विनोद रविवारी शिळा लागतो. सणाचा भाग सणाच्या आदल्या रविवारी लागायला हवा, नंतरच्या नव्हे. जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत शाळेचे पंचेचाळीसेक रविवार मिळतात, त्यातले दोन-तीन दिवाळीच्या सुटीत जातात. मार्चनंतर सकाळची शाळा, म्हणजे सावल्या लांब आणि दप्तर हलकं. हे चित्रात दिसलं की पोरांना पट्टी आपली वाटते. मे महिन्याचं आधीच ठरवा: सुमी मामाकडे जाते की पट्टी सुटी घेते? सुटी घेणार असाल तर शेवटच्या भागात तसं छापा, जूनची तारीख देऊन. गुपचूप थांबलेली पट्टी जूनमध्ये परत घेत नाहीत.

आठवड्याला चार तास मिळत नसतील तर लिहिणारा आणि काढणारा वेगळे करा. सकाळमध्ये १९९१ साली सुरू झालेली 'चिंटू' चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांच्या नावावर होती, आणि ती रोजची पट्टी होती.

दावा_नाही:

टोपणनावांचं कारण सांगतो. गावातली शाळा ओळखू येते, त्यातले गुरुजी त्याहून लवकर. गणवेशाचा रंग, शाळेच्या कमानीचा आकार, मुख्याध्यापकांच्या मिशा यांतलं काहीही खऱ्या शाळेवरून उचलू नका. तक्रार संपादकांकडे जाते आणि पट्टी त्याच आठवड्यात थांबते, वाद घालायला कुणी थांबत नाही. खऱ्या मुलाचं नाव तर नकोच.

हक्काचं कागदावर घ्या. तुम्ही पेपरचे पगारी नोकर नसाल आणि तसा करार नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे चित्रं तुमची. नोकरीत असताना पेपरसाठी काढली तर वर्तमानपत्र-मासिकांत छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचा तुमचा, वेगळा करार नसेल तर. हक्क लिहून द्यायचे झाले तर कलम १९ बघा: ते लेखीच लागतं, मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. म्हणून साध्या पत्रात एवढंच लिहा: 'ही चित्रं या पुरवणीत एकदा छापण्याची व ई-पेपरमध्ये ठेवण्याची परवानगी देत आहे. पुस्तक, भाषांतर, पात्राचा इतर वापर माझ्याकडे राहील.' खाली मानधनाचा आकडा आणि तारीख. संपादकांची सही असलेली प्रत जपून ठेवा. नाव प्रत्येक पट्टीत चौकटीच्या आत काढा, बाहेर लिहिलं तर कापलं जातं.

मूळ कागद परत मागा. परत मिळत नसतील तर फक्त स्कॅन द्या.

काळी_शाई:

सहीसाठी जागा दुसऱ्या चौकटीत खाली उजवीकडे ठेवा. तिथे संवाद नसतो, आणि दोनावर दोन रचलं तरी ती वरच्या ओळीतच येते.